जाते, दळण आणि हप्ता

वऱ्हाडच्या मातीत 'कर्ज' हा शब्द कधीच हलका नव्हता. हा प्रांतच एकदा कर्जापोटी हातचा गेला. हैदराबादच्या निजामाच्या नावाने इंग्रजांनी उभी केलेली कंटिन्जंट फौज निजामाच्या तिजोरीला पेलेना. थकबाकी वाढत गेली आणि १८५३ च्या तहाने त्या खर्चापोटी वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात देण्यात आले. पुढे १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनच्या कारकिर्दीत वर्षाला २५ लाख रुपये खंड ठरला आणि वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे राहिले. नाव निजामाचे, कारभार इंग्रजांचा! गहाण या शब्दाचा अर्थ इतिहासाने इतक्या स्पष्टपणे क्वचितच कोणाला समजावून दिला असेल.

राजांचे जे झाले तेच रयतेचेही झाले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपले, भाव कोसळला. चढत्या भावाच्या भरवशावर केलेली देणी मात्र उरली. २००६ साली केंद्र सरकारला विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर करावी लागली, त्यांत अमरावती आणि अकोला हे दोन्ही होते. ती मदत का द्यावी लागली, हे आपल्या वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही. आपल्यापैकी अनेकांनी त्या घरांतील अंत्ययात्रांना खांदा दिला आहे.

हे सारे आठवण्याचे कारण एक लहानसा प्रश्न आहे. कर्ज आता बी-बियाण्याच्या दुकानापुरते राहिलेले नाही. अमरावतीच्या राजकमल चौकात किंवा अकोल्याच्या बाजारपेठेत उन्हाळ्याच्या सुटीनंतर फेरफटका मारावा. दुकानादुकानांतून 'शून्य टक्के व्याज', 'आज घ्या, पुढल्या महिन्यापासून भरा' अशा पाट्या लागलेल्या दिसतात. त्या पाट्यांखाली मोबाइल असतात, दूरदर्शन संच असतात आणि अलीकडे सर्वांत दर्शनी जागी लॅपटॉप असतात. २०२० च्या टाळेबंदीत शाळा-महाविद्यालये पडद्यावर भरू लागली, तेव्हापासून हे यंत्र चैनीच्या यादीतून निघून गरजेच्या यादीत जाऊन बसले आहे. त्यामुळेच प्रश्न अवघड होतो. चैनीला 'नको' म्हणणे सोपे असते. गरजेच्या वेषात आलेल्या वस्तूला काय म्हणावे?

मागील वर्षी माझ्या परिचयाच्या एका कुटुंबापुढे हाच प्रश्न उभा राहिला. ते अकोल्याचे. वडील एका शाळेत शिपाई, आई घरी शिलाई करते. थोरल्या मुलाने पैशाअभावी बारावीनंतर शिक्षण सोडले. तो पुण्याजवळ कंत्राटी कामावर आहे. धाकटी मुलगी अमरावतीला धर्मभगिनींच्या वसतिगृहात राहून संगणकाची पदवी घेत आहे. शिकता शिकता ती एका फोटो स्टुडिओत लग्नाचे अल्बम जुळविण्याचे आणि चित्रफितींची काटछाट करण्याचे काम करते. लग्नसराईच्या सहा महिन्यांत तिला महिना चार हजार मिळतात. त्यातून तिची पुस्तके आणि परीक्षेचे शुल्क निघते. अडचण अशी की स्टुडिओतील संगणक रात्री आठनंतरच मोकळा होतो आणि वसतिगृहाचे दार नऊला बंद होते. स्वतःचे यंत्र नसेल तर काम सोडावे लागेल, काम सुटले तर शुल्काचा प्रश्न उभा राहील. वडिलांनी दुकानात जाऊन ८४ हजार रुपयांचा लॅपटॉप पसंत केला आणि कागदांवर सही करण्यापूर्वी ते मला भेटावयास आले.

"फादर," ते म्हणाले, "पोराले शिकवू शकलो नाही. आता पोरगी मांग पडली तं मी देवाले काय जबाब देऊ?"

या प्रश्नाला वजाबाकी-बेरजेने उत्तर देता येत नाही, हे मला कळत होते. तथापि, वजाबाकी-बेरीज टाळूनही उत्तर देता येत नाही. मनोरा बांधू इच्छिणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, हे प्रभू येशूनेच आपल्याला सांगितले आहे. आणि त्या दाखल्यात 'बसून' हा शब्द महत्त्वाचा आहे. दुकानाच्या काउंटरवर उभ्याउभ्या केलेला हिशेब हा दुकानदाराचा हिशेब असतो. म्हणून आम्ही तिघे, ते, त्यांची पत्नी आणि मी, एका वहीसह बसलो.

त्यांचा पगार साडेसोळा हजार, शिलाईचे सरासरी अडीच हजार. एकूण १९ हजार. घरभाडे साडेतीन हजार, किराणा-दूध-गॅस सहा हजार, मुलीचे वसतिगृह आणि खानावळ पाच हजार, वीज-फोन-प्रवास चौदाशे, आजीची औषधे नऊशे, पतपेढीचा एक जुना हप्ता बाराशे. बेरीज १८ हजार. शिल्लक एक हजार.

आता यंत्राकडे पाहू. रोख भरावयाचे १२ हजार त्यांनी साठविले होते. उरलेले ७२ हजार कर्जाऊ. व्याज सांगितले होते १२ टक्के, मुदत दोन वर्षे, मासिक हप्ता ३,७२० रुपये. बारा टक्के ऐकावयास सौम्य वाटतात. परंतु हे व्याज सरसकट, म्हणजे पहिल्या दिवशीच्या पूर्ण रकमेवर दोन्ही वर्षे आकारलेले होते. आपण दरमहा मुद्दल फेडीत जातो, तरीही फेडलेल्या मुद्दलावर व्याज चालूच राहते. घटत्या शिलकीच्या पद्धतीने मांडले तर हेच १२ टक्के साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातात. एकूण व्याज १७,२८० रुपये. प्रक्रिया शुल्क धरण्याआधीच ८४ हजारांचे यंत्र १,०१,२८० रुपयांना पडणार होते. दुसरीकडे आयकराच्या नियमांत संगणकावर दरसाल ४० टक्के घसारा धरण्याची रीत आहे. त्या मापाने शेवटचा हप्ता भरताना त्या यंत्राचे मोल जेमतेम तीस हजार राहिले असते. गाय घेतली तर वासरू होते, शिलाई यंत्र वीस वर्षे चालते. संगणक मात्र पेटीतून निघाल्या दिवसापासून म्हातारा होऊ लागतो.

'शून्य टक्के' या पाटीविषयीही येथेच सांगून टाकतो. सप्टेंबर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना स्पष्ट बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी वस्तू अस्तित्वात नसते. ते व्याज कोठेतरी दडलेले असते. रोखीने घेणाऱ्यास मिळणारी सूट हप्त्याने घेणाऱ्यास मिळत नाही, किंवा प्रक्रिया शुल्काच्या नावाने ते आधीच वसूल होते. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बँका आणि वित्त कंपन्या यांनी अशा कर्जांच्या बाबतीत मुख्य माहितीचे एक पत्रक सहीपूर्वी द्यावयाचे असते. सारे शुल्क धरून वर्षाला खरोखर किती टक्के पडतात हे त्यात लिहिलेले असावे लागते, आणि ते पत्रक कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावे लागते. ते मागून घेणे हा आपला हक्क आहे. आपली माणसे संकोचतात. कागद मागितला तर अडाणी ठरू, असे त्यांना वाटते. वस्तुतः कागद न वाचता सही करणाऱ्यालाच बाजार अडाणी समजतो.

सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला आम्हाला व्याजबट्ट्याचा विषय शिकविला गेला, तेव्हा तो फार जुना आणि वाळलेला वाटे. १७४५ साली पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी इटलीतील महागुरूंना पाठविलेल्या परिपत्रकात केवळ उसने दिल्याबद्दल जादा घेणे हे पाप मानले. मात्र नुकसानभरपाईसारखी काही न्याय्य कारणे वेगळी असू शकतात, हेही मान्य केले. त्याच्याही आधी, पंधराव्या शतकात, फ्रान्सिस्कन संघाच्या धर्मबंधूंनी पेरुजिया इत्यादी इटालियन शहरांत गरिबांसाठी तारणपेढ्या काढल्या. चालविण्याच्या खर्चापुरते अल्प व्याज घ्यावे आणि सावकाराच्या दारातून गरिबाला सोडवावे, हा त्यांचा हेतू. हे योग्य की अयोग्य यावर मोठा वाद झाला आणि १५१५ साली पाचव्या लॅटरन परिषदेने त्या पेढ्यांना मान्यता दिली. ख्रिस्तसभेने कर्जाला सरसकट शाप दिला नाही, सरसकट आशीर्वादही दिला नाही. कोणाला, कशासाठी आणि कोणत्या अटींवर, एवढे तीन प्रश्न तिने सतत विचारले.

आपल्या देशातही हे प्रश्न धर्मगुरूंनी हाती घेतले होते. छोटानागपूरमध्ये मुंडा आदिवासींच्या जमिनी सावकारांच्या घशात जात असता येशूसंघीय फादर जॉन हॉफमन यांनी १९०९ साली रांचीला कॅथॉलिक सहकारी पतसंस्था उभी केली. आपल्या मराठी ख्रिस्ती समाजात, वसईला, मोन्सेन्यॉर पी. जे. मोनीस यांनी १९१८ साली लावलेले पतसंस्थेचे रोपटे आज बसीन कॅथॉलिक सहकारी बँक म्हणून उभे आहे. वेदीवर भाकरी मोडणाऱ्या हातांनी खातेवह्याही उघडल्या, याचे मला सेमिनरीत नवल वाटे. धर्मग्रामात काही वर्षे काढल्यावर ते नवल उरत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. जुन्या करारात, अनुवादाच्या पुस्तकात, गहाणाविषयी एक नियम आहे. कोणाचे जाते, किंवा जात्याचा नुसता वरचा दगडसुद्धा, गहाण म्हणून घेण्यास तेथे मनाई आहे. कारण तसे करणे म्हणजे त्या माणसाचा जीवच गहाण घेणे होय. हा नियम सावकाराला उद्देशून आहे. परंतु कर्ज काढणाऱ्यालाही त्यात एक प्रकाश मिळतो. घरातील वस्तू दोन प्रकारच्या असतात: एक जाते, आणि दुसरे सारे. ज्यावर घराचे दळण होते ते जाते. ते घरात असलेच पाहिजे, प्रसंगी थोडे ऋण काढूनही. मात्र जाते घेताना कोणी संगमरवराचे घेत नाही. दळण किती, पीठ किती, हे पाहून दगड निवडला जातो. आणि दळणाच्या पिठातून दगडाची किंमत फिटणार की नाही, हे आधी पाहिले जाते.

या दृष्टीने पाहता त्या मुलीचा लॅपटॉप हे निःसंशय जाते होते. ती त्यावर दळणार होती, त्या पिठावर तिचे शिक्षण होते. 'ऐपत नाही, काम सोड' असे तिला सांगणे हे काटकसरीच्या नावाखाली अन्याय करणे झाले असते. गरिबाला कर्जाचे भय दाखवून त्याच्या मुलींना घरी बसविणारा उपदेशही या प्रांतात पुष्कळ झाला आहे. प्रश्न उरला तो एवढाच की ८४ हजारांचाच दगड कशासाठी?

हा प्रश्न मी वडिलांना विचारला नाही. मुलीला विचारला. पुढच्या आठवड्यात ती अमरावतीहून घरी आली तेव्हा तिला सांगितले, "तुझ्या कामाला नेमके काय लागते ते लिहून आण. दुकानातल्या माणसाला विचारू नकोस. ज्याच्याकडे काम करतेस त्याला विचार." तिने पान भरून आणले. अल्बमच्या आणि साध्या चित्रफितींच्या कामाला स्मरणक्षमता बऱ्यापैकी हवी, पडदा रंग नीट दाखविणारा हवा. बाकी महागड्या यंत्रातील बराचसा वेग खेळांसाठी आणि चित्रपटांतल्या अवघड दृश्यांसाठी असतो. कार्यालयात वापरून झालेली, दुरुस्त केलेली, एक वर्षाची हमी असलेली यंत्रे ३६ हजारांत मिळतात, हेही तिने शोधले होते. काही कामांसाठी विनामूल्य मिळणाऱ्या प्रणालीही तिला ठाऊक होत्या.

"मग तू वडिलांना हे का सांगितले नाहीस?" मी विचारले.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "फादर, माया कामाले एवढ्या महागाची गरज नाही. पण स्वस्तातला घेतला तं बाबाले वाटेल, त्यायनं मलेबी कमीच देल्लं."

वाचकहो, हप्त्याचा खरा हिशेब येथे सुरू होतो. दुकानदाराला वाटते आपण वेग विकतो. कर्ज देणाऱ्याला वाटते आपण सोय विकतो. प्रत्यक्षात आईबाप त्या पेटीतून काहीतरी निराळेच विकत घेत असतात. थोरल्याला जे देता आले नाही त्याची भरपाई, शेजाऱ्यांच्या नजरेतील बरोबरी, आपण कमी पडलो नाही याचा पुरावा. ही भावना क्षुद्र नाही. तिच्यात वात्सल्य आहे. परंतु वात्सल्याचा हप्ता बांधता येत नाही. बांधला तर तो दरमहा पाच तारखेला त्याच घरातून वसूल होतो. आजीच्या औषधातून होतो, आईच्या झोपेतून होतो, आणि ज्या मुलीसाठी सारे केले तिच्या मनावर दोन वर्षे ओझे होऊन बसतो.

अमरावतीच्या विद्यापीठाला २००५ साली संत गाडगेबाबांचे नाव देण्यात आले. या मुलीच्या पदवीपत्रावर तेच नाव असणार आहे. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ साली जन्मलेल्या या सत्पुरुषाने सावकारीचा पाश जवळून पाहिला होता, आणि ऋण काढून सण-समारंभ करू नका हे ते कीर्तनाकीर्तनातून सांगत असत. पण तेच गाडगेबाबा असेही सांगत की प्रसंगी घरची भांडीकुंडी विकावी आणि मुलांना शिकवावे. यांत विसंगती नाही. झगमगाटासाठी कर्ज नको, शिक्षणासाठी झीज हवी. आपल्या धर्माचा नसलेला हा माणूस जाते आणि अलंकार यांतला भेद आपल्यापेक्षा चांगला ओळखून होता, असे मला पुष्कळदा वाटते.

त्या रविवारी मिस्सानंतर मुलीने ते पान वडिलांपुढे ठेवले. मी जवळ होतो, पण बोललो नाही. त्यांनी पान दोनदा वाचले. "हे तुयं तू शोधलं?" एवढेच विचारले. तिने मान हलविली. मग बऱ्याच वेळाने ते बायकोकडे वळून म्हणाले, "पोरगी आपल्याहून शायनी झाली." त्यांच्या स्वरात हार नव्हती. जे तिला द्यावयाचे होते ते आधीच देऊन झाले आहे, हे बहुधा त्यांच्या ध्यानात आले असावे.

यंत्र ३६ हजारांचे घेतले. साठविलेले १२ हजार, आईची भिशी लागली ते दहा हजार, पुण्याहून भावाने पाठविलेले चार हजार. राहिलेले दहा हजार पतपेढीतून घटत्या शिलकीवर १२ टक्के दराने, दहा महिन्यांसाठी. हप्ता १,०५६ रुपये, एकूण व्याज साडेपाचशेच्या आसपास. शिल्लक एक हजार आणि हप्ता हजाराच्या किंचित वर. ती फट मुलगी आपल्या कमाईतून बुजविते. मी हे लिहीत असता सात हप्ते फिटले आहेत. भावाने पाठविलेल्या चार हजारांना त्या घरात सर्वांत मोठी किंमत आहे, असे आईने मला सांगितले. ज्याचे शिक्षण राहिले त्याचाही हात त्या जात्याच्या खुंट्याला लागला.

प्रत्येक घराचे उत्तर हेच असेल असे नव्हे. एखाद्या मुलाच्या अभ्यासक्रमाला खरोखरच भारी यंत्र लागते. मग ते स्वस्तातले घेणे म्हणजे पैसे वाया घालविणे होय. अशा वेळी दुकानातील हप्त्याआधी बँकेच्या शैक्षणिक कर्जाची चौकशी करावी. अभ्यासक्रमाला आवश्यक असलेल्या संगणकाचा वाजवी खर्च त्या कर्जात धरता येतो आणि परतफेड शिक्षण संपल्यानंतर सुरू होते. हे अनेक पालकांना ठाऊकच नसते. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या शैक्षणिक कर्ज योजना ख्रिस्ती विद्यार्थ्यांसाठीही असतात. त्यांचीही विचारपूस करावी. आणि कोणी जामीनदार म्हणून सही मागितली, तर ती केवळ ओळखीची सही नव्हे, हे लक्षात ठेवावे. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी सामान्यतः कर्जदाराइतकीच असते. नीतिसूत्रांच्या लेखकाने तर त्याविषयी फार पूर्वीच सावध करून ठेवले आहे.

शेवटी एक विनंती धर्मग्रामातील मंडळींना. आपल्यात बँकेतून निवृत्त झालेले आहेत, शिक्षक आहेत, संगणकाची दुरुस्ती करणारे तरुण आहेत. महिन्यातून एका रविवारी, मिस्सानंतर, त्यांपैकी दोघांनी एका टेबलाशी बसावे. कोणी कर्जाचा कागद घेऊन आला तर तो त्याच्यासह वाचावा. उपदेश करू नये, चौकशा करू नयेत, ऐकलेले बाहेर बोलू नये. केवळ वाचावा आणि बेरीज करून दाखवावी. अलीशा संदेष्ट्याकडे एक विधवा आली होती, तिच्या दोन मुलांना गुलाम करण्यास सावकार दारात उभा होता. अलीशाने तिला आधी विचारले की घरात काय आहे. मग शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आणावयास सांगितले. चमत्कार देवाने केला. भांडी मात्र शेजाऱ्यांची होती.